तोंड नसलेली टाकी

सतरा नंबरची बाटली काळी पडली होती. त्यात विशेष काही नाही. आठ वर्षं मी हेच काम करते. गावोगावचे जलसुरक्षक पाण्याचे नमुने आणून देतात, मी ते औषध घातलेल्या बोटभर बाटल्यांत भरते, उबेच्या कपाटात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडते. पाणी चांगलं असेल तर बाटली आदल्या दिवशी होती तशीच, फिक्या चहाच्या रंगाची राहते. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर काळी होते. रोज मरे त्याला कोण रडे, तशी काळ्या बाटल्यांची मला सवय झालेली. मी फुली मारते, अहवाल लिहिते आणि चहाला जाते. एरवी मी आधी चिठ्ठी वाचते आणि मग फुली मारते. त्या दिवशी उलटं झालं. फुली मारून झाल्यावर बाटली फिरवली, तर चिठ्ठीवर भटूच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘खदानवस्ती. वाहिदमिस्त्री टाकी.’ वाहिदमिस्त्री म्हणजे माझे अब्बा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

मी बाटली पुन्हा उचलली. कपाटातून काढलेली प्रत्येक बाटली कोमट असते, पण ही मला तापलेल्या अंगासारखी वाटली. शेजारच्या सोळा आणि अठरा नंबरच्या बाटल्या शहाण्या मुलींसारख्या रंग न बदलता उभ्या होत्या, त्यांचा मला उगीच राग आला. बाटलीचं झाकण उघडलं तर सडक्या अंड्यासारखा वास येतो हे मला पाठ आहे, तरी मी ते उघडलं. वास आला. नवसागराचा, तापलेल्या पत्र्याचा, विडीचा, असे अब्बांचे सगळे वास मला ओळखू येतात, आणि आता त्यांच्या नावाखाली हा एक. मी झाकण घट्ट लावलं आणि हात दोनदा साबणाने धुतले. मग तिसऱ्यांदाही धुतले, त्याची काही गरज नव्हती.

आमचं दुकान कल्हईचं. आजोबांच्या वेळी पितळेची भांडी होती, अब्बांच्या वेळी ती माळ्यावर गेली आणि लोक स्टील घेऊ लागले, मग अब्बा पत्र्याकडे आणि वेल्डिंगकडे वळले. धान्याच्या कोठ्या, दुकानांची शटरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. शाळेत मराठी, घरात आमची मोडकीतोडकी हिंदी आणि दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणी, अशा तीन भाषांत मी वाढले, पण अब्बा चौथ्याच भाषेत बोलायचे, ती म्हणजे टाका. त्यांनी मारलेला वेल्डिंगचा टाका एका रेषेत, एका जाडीचा जायचा. लहानपणी काळी काच डोळ्यांसमोर धरून मी तो हिरवा ठिपका सरकताना बघत बसायची. तौहिदचा, माझ्या भावाचा, टाका बघून ते म्हणत, “बकरी चली हुई दिखती.” तौहिद अजूनही त्या वाक्यावर चिडतो. दुकान आता तोच चालवतो.

खदानवस्ती शहराच्या टोकाला आहे, दगडाच्या जुन्या खाणीमागे. सातपुड्यातून कामासाठी उतरलेली पन्नासेक भिल्ल कुटुंबं तिथे राहतात. सहा वर्षांपूर्वी अब्बा तिथल्या अंगणवाडीला फाटक बसवायला गेले होते. उन्हातान्हाचं एका बाईने त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि देताना म्हणाली, पाणी खदानीतलं आहे मिस्त्री, राग मानू नका. अब्बा ते प्यायले. घरी येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाची कामं बाजूला सारून जाड पत्रा कापायला घेतला. पुरुषभर उंचीची टाकी. वर गोल तोंड, त्यावर बिजागरीचं झाकण. ती दगडी ओट्यावर बसवली, वीज असेल तेवढाच वेळ चालणाऱ्या वस्तीच्या बोअरची नळी तिच्यात सोडली. ती नेण्याआधी दुकानातच तौहिदने तिच्यावर निळ्या रंगाने अब्बांचं नाव लिहिलं, ते अब्बांना आवडलं नाही, पण त्यांनी खोडलंही नाही. अम्मीला तर त्या टाकीचा अभिमान कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं होतं. सदका-ए-जारिया, ती म्हणायची. माणूस गेला तरी जे दान चालू राहतं ते. पाणी वाहतं तोवर त्याचं पुण्य, सवाब म्हणतो आम्ही, देणाऱ्याला कबरीत पोचत राहतं. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा रडता रडता ती शेजारणींना हेच सांगत होती की त्यांची टाकी आहे ना तिकडे.

जायच्या काही महिने आधी अब्बा एकदा मशीन घेऊन खदानवस्तीला गेले. संध्याकाळी परत आले ते थकलेले पण खुशीत. “तोंड बंद कर दिया,” ते म्हणाले. “झाकणपे फिरता टाका मारा. अब मुंगी भी नहीं जाएगी.” अम्मी म्हणाली, माशाल्लाह. तौहिद म्हणाला, एक नंबर. आणि मी, जी तेव्हा सहा वर्षं याच खुर्चीत बसून जगाच्या पाण्याला नावं ठेवत होते, जिला पाठ होतं की टाकी दर महिन्याला उपसून घासावी लागते आणि पाण्यात जंतू मारायला टीसीएल पावडर टाकावी लागते, मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “छान केलंत अब्बा.” दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काळी बाटली हातात धरून मला माझं ते वाक्य ऐकू येत राहिलं, भाकरीच्या घासासकट.

भटू दहा वाजता दुसऱ्या वस्त्यांचे नमुने घेऊन आला. तो खदानवस्तीचा जलसुरक्षक, बोलायला मोकळा, पण त्या दिवशी दारातच घुटमळला. एरवी तो वस्तीच्या बोअरचा नमुना आणायचा, टाकीचा पहिल्यांदाच आणला होता. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली.

“माले वाटेच, ताई,” तो म्हणाला. “चार पोरं पडेल शेतस तठे. जुलाब. धनुबाईनी नात दवाखानामा शे, सलाइनवर. मयूरी. चार सालनी पोर.”

“टीसीएल टाकत नव्हतास?”

“टाकू कथाईन? तोंडच नही तिले.”

त्याने हे भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. टाकीला तोंडच नाही तर पावडर टाकायची कुठून, एवढंच त्याला सांगायचं होतं. मग त्याने आवाज उतरवला. “मी परत नमुना ली येस. रिपोर्ट दोन दिन ऱ्हाऊ द्या. मिस्तरीनं नाव शे तिले.”

नियमाचा आधारही होता. बाटली काळी पडली तर नमुना पुन्हा घेऊन खात्री करता येते. दोन दिवस, ओढूनताणून चार. त्यात तौहिदला सांगून गुपचूप काहीतरी करता आलं असतं, कागदावर वाहिदमिस्त्रीचं नाव आलंच नसतं. भटूचा हा चांगुलपणाच होता, आणि मला तो क्षणभर हवाहवासा वाटला, हे लपवून काय करायचं.

“आणि दोन दिवस ते काय पितील?” मी विचारलं.

भटूने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरल्यासारखं केलं. “तेच,” तो म्हणाला.

मी अहवालाचा कागद पुढे ओढला. आमच्या नंदुरबारात पाणी पाजायची हौस दांडगी. ऊन तापलं की चौकाचौकांत लाल फडकी गुंडाळलेले माठ लागतात, मोहर्रमला आमच्या गल्लीत पाणी-सरबताची सबील लागते, अलीकडे स्टीलचे कूलर आले आहेत. कूलरवर आजोबांचं नाव, खाली मुलांची, त्याखाली नातवांची, आणि अगदी तळाला नळ. त्या कूलरांचे नमुने माझ्याकडे येतात. नाव जितकं मोठं तितकी बाटली लवकर काळी पडते, असा माझा एक अशास्त्रीय सिद्धांत होता आणि तो मी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवून हसवायची. लोक टाकी देतात, कूलर देतात, बोअर खोदून देतात. कुणी कुणाच्या स्मरणार्थ घासणी दिलेली मी पाहिलेली नाही. हे वाक्यही माझंच, नेहमीचं, हशा मिळवणारं. ते आता उलटं फिरून माझ्या अंगावर आलं होतं. मी लिहिलं, नमुना क्रमांक सतरा, खदानवस्ती, वाहिदमिस्त्री टाकी, पिण्यास अयोग्य. नाव लिहिताना माझं अक्षर शाळेतल्यासारखं गोल आलं. भटूला म्हणाले, आजच टाकीवर लाल रंगाने लिही, बोअरची नळी टाकीतून काढून बाहेर सोड म्हणजे पाणी थेट तिथून भरतील, घरोघरी क्लोरिनच्या बाटल्या वाट आणि कशा वापरायच्या ते उभं राहून दाखव. तो गेल्यावर मी चहाला गेले नाही.

खरी परीक्षा घरी होती. अम्मी ओट्याजवळ बसून मेथी निवडत होती. मी बसले, दोन जुड्या तिच्याबरोबर निवडल्या आणि सांगून टाकलं. तिला प्रयोगशाळेचं काही कळत नाही, पण काळं म्हणजे काय ते कळतं. ती म्हणाली, बाटली चुकली असेल. मी म्हटलं, मुलं आजारी आहेत. ती म्हणाली, मुलं कैऱ्या खातात, काहीही खातात, त्याला तुझे अब्बा काय करतील. तौहिद तोवर दुकानातून आला होता. टाकीवरचा लाल रंग त्याला कुणीतरी दुकानात येऊन सांगितला होता, आणि तो आधीच पेटलेला होता.

“तूने लिखा?” तो म्हणाला. “खुदके बापका नाम?”

“टाकीका नाम लिखा.”

“लोग क्या बोलेंगे? मिस्त्रीकी टाकीसे बच्चे बिमार पडे?”

“पडे, तौहिद. वोच बोलेंगे. तू कटर लेके चल, तोंड काटना है.”

अम्मीच्या हातातली मेथी तशीच राहिली. “आखरी टाका है वो उनका,” ती म्हणाली. “उसको तू कटर लगाएगी?”

दुकानातल्या ट्रॉल्या विकल्या जातात, शटरं गंजतात, आमच्याकडे अब्बांच्या हातचं असं एक जुनं स्टूल सोडलं तर काही नाही. तो टाका मी पाहिलेला नव्हता, कुणीच पाहिलेला नव्हता, वस्तीकडे जायचं आम्हाला कधी कारणच पडलं नाही. पण मनात तो होता. पूर्ण गोल, एका जाडीचा, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. तो कापायचा म्हणजे काय ते मला अम्मीइतकंच कळत होतं, आणि तरी कापायचा होता. मी तेच म्हणाले, तेवढ्याच शब्दांत. भाजीच्या ढिगाऱ्याकडे बघत अम्मीने जे विचारलं ते मला नव्हतं, तौहिदलाही नव्हतं.

“तो दो सालसे उनको क्या पोंच रहा है?”

मला तिला जवळ घ्यायचं होतं. घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर मीच रडले असते आणि मग सगळंच ढिलं पडलं असतं. मी म्हटलं, “अम्मी, शुक्रवारको चलते.” आणि शुक्रवार म्हटल्यावर मला उगीच आठवलं की अब्बा महिन्यातून एकदा, पहिल्या शुक्रवारी, नमाज झाली की दुकानात न जाता ‘घूमके आता’ म्हणून जायचे आणि येताना पायजमा गुडघ्यापर्यंत ओला असायचा. अम्मी ओरडायची, या वयात नदीत कायको उतरते. ते हसायचे.

शुक्रवारी सकाळी आम्ही तौहिदच्या टेम्पोतून गेलो. पुढे तो आणि मी, मागे कटर, जनरेटर, वेल्डिंगचं मशीन, आणि शेवटच्या क्षणी अम्मीने आणून ठेवलेली एक बादली, दोर आणि लांब दांड्याची नवी घासणी. ती स्वतः आली नाही. घासणीवर बोट ठेवून म्हणाली, “इसपे नाम मत लिखना.” खाणीच्या वळणावर टाकी दिसली. निळ्या अक्षरात अब्बांचं नाव आणि त्याच्या बरोबर खाली भटूने ओघळणाऱ्या लाल रंगात लिहिलेलं, ‘पाणी पिण्यास अयोग्य’. दोन्ही मिळून एकच वाक्य असल्यासारखं दिसत होतं. तौहिदने खिशातून फडकं काढलं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, राहू दे, साफ झाल्यावर पूस.

बायका जमल्या. त्यांच्यातली एक पुढे आली, उंच, हाडकुळी, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. भटूने सांगितलं, ही धनुबाई. जिची नात दवाखान्यात होती ती. मी मनाशी तयारी करून आले होते, शिव्या, रडणं, काहीही. मी म्हणाले, मयूरी कशी आहे. ती म्हणाली, डोळा उघडते आहे, आज पेज प्यायली. मग तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“तू मिस्तरीनी आंडेर का?”

मी मान हलवली. हो, मुलगी.

“मंग इतला दिन कथी व्हती?” ती म्हणाली. मग तिनेच सांगायला घेतलं, टाकीकडे हात करून, शेजारणीबद्दल बोलावं तसं. “दर महिनाना पहिला शुक्रवारले तो ये. पायजमा वर खोसे, मझार उतरे, घसघस घसे. आम्ही म्हनूत, मिस्तरी, आम्ही धोतस, तू बठ. तो म्हने, नही, हाई मन्हं काम शे. चार साल. मंग एक दिन मशीन ली उना नि तोंड बंद करी दिन्हं. म्हने, आते माले चढाई नही ऱ्हायनं. आम्ही सांगं, आम्हले शिकाडी दे. तो म्हने, नको, तुमन्हा पोऱ्या दगडं टाकतीन.”

तौहिदने माझ्याकडे पाहिलं. ओल्या पायजम्याचा विचार त्याच्याही डोक्यात तेव्हाच आला असावा. चार वर्षं आमच्या नाकाखालून हा माणूस महिन्यातून एकदा टाकीत उतरत होता आणि आम्ही समजत होतो की तो नदीवर जातो. टाकी हे दान नव्हतंच, निदान तेवढंच नव्हतं. उतरून घासणं हे दान होतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नाही, म्हणून ते त्याच्याबरोबर थांबलं. त्याने आम्हाला सांगितलं नाही हे एक वेळ समजतं. पण समोर उभ्या असलेल्या बाया म्हणत होत्या, आम्ही धुतो, आणि त्यांच्यावर त्याचा विश्वास बसला नाही. अब्बांवर मला असा राग कधी आला नव्हता. जिवंतपणी आला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

“मग तुम्ही फोडलं का नाही तोंड?” मी विचारलं. “दोन वर्षं?”

धनुबाईने खांदे उडवले. “मिस्तरीनं काम,” ती म्हणाली. “कसं फोडो?”

मी ओट्यावर चढले. मग तौहिदने टेकवलेल्या शिडीवरून टाकीच्या माथ्यावर. आणि तो टाका पाहिला. तो गोल नव्हता. सुरुवात ठीक होती, टीचभर, अब्बांचीच. मग तो डावीकडे घसरला होता, एका जागी धातूचा गोळा साचला होता, पुढे फट राहिली होती, ती पुन्हा येऊन बुजवली होती, तिच्यावर पुन्हा एकदा. दिसत नव्हतं त्यांना. आयुष्यभर त्या हिरव्या ठिपक्याकडे बघून डोळे गेले होते आणि हात थरथरत होता, आणि हे त्यांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं. घरी येऊन म्हणाले होते, मुंगी भी नहीं जाएगी. तौहिद शिडीवर माझ्यामागे आला. त्याने त्या टाक्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण वर्तुळ. मला वाटलं तो म्हणेल, बकरी चली हुई. तो म्हणाला, “तू उतर नीचे, मैं काटता.” मी उतरले. कटरचा आवाज सुरू झाला तेव्हा ठिणग्या बघायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, पण बघितल्या, शेवटपर्यंत.

झाकण निघालं तसा तोच वास आला, बाटलीतला, पण माणसाला ढकलून देईल एवढा. तळाची तोटी सोडून पाणी काढून दिलं. तासभर टाकी उघडी ठेवली, हवा जाऊ दिली. आत घोट्याइतका काळा गाळ, त्यात पिसं, आणि पाणी भरून सांडायच्या रुंद नळीची जाळी गंजून गळून पडलेली. जे काही आत गेलं ते तिथून गेलं होतं. मुंगीला वाट नव्हती आणि पारव्याला होती. तौहिद आत उतरायला गेला तर त्याचे खांदे तोंडात अडकले, दोनदा प्रयत्न केला, बायका हसल्या, तोही हसला, त्या दिवसात पहिल्यांदा. ते तोंड अब्बांनी स्वतःच्या मापाचं केलं होतं. घरात त्यांच्या मापाची मीच. मी ओढणी कमरेला बांधली, सलवार खोचली आणि पाय आत सोडला, तर पायाला दांडी लागली. आतल्या भिंतीला लोखंडाच्या तीन दांड्या टाका मारून बसवल्या होत्या, बुटक्या माणसाच्या पावलांच्या अंतरावर. हे टाके सरळ होते.

आत गेल्यावर जगाचा आवाज बंद झाला. वर गोल आकाश, त्यात तौहिदचं डोकं. गाळ बादलीत भरायचा, दोर हलवायचा, वर ओढली की पुढची. आठ वर्षं मी पाणी बोटभर बाटलीतून पाहिलं होतं, बाहेरून, फुली मारायला. आता ते माझ्या बोटांच्या बेचक्यांत होतं. पत्रा घासताना असा आवाज व्हायचा की टाकीच बोलते आहे असं वाटावं, आणि मला वाटलं, अब्बांना हाच आवाज महिन्यातून एकदा ऐकायचा असेल, म्हणून तर ते कुणाला आत येऊ देत नव्हते. असेल. पण त्यापायी चार वर्षांची पोर सलाइनवर जात असेल तर तो आवाज मला नको होता. मी घासत राहिले. हात भरून आले, घासणीची पकड सुटायला लागली. तेवढ्यात वरचं आकाश बंद झालं आणि धनुबाईचे पाय दांडीवर आले.

“हट,” ती म्हणाली. “तुले घसता येत नही.”

तिच्या एका हातात नारळाची शेंडी होती आणि पदरात राख. दोघींना आत जागा नव्हती. मी वर आले, धापा टाकत टाकीच्या माथ्यावर बसले आणि वरून बघितलं. तिला येत होतं. कोपरापासून, अंग टाकून, भांडं घासावं तसं, शिवणीच्या कडेकडेने. तिच्यानंतर दुसरी बाई उतरली, मग तिसरी. मधल्या वेळात तौहिदने नवीन बिजागरी बसवली, सांडायच्या नळीला दुहेरी जाळी मारली, झाकणाला मूठ केली. शेवटी त्याने पिशवीतून कुलूप काढलं आणि कडी कुठे मारायची ते मापायला लागला. सवयीने. मी म्हणाले, नको. तो म्हणाला, पोरं दगड टाकतील. म्हणताना त्याचं त्यालाच कळलं की हे वाक्य कुणाचं आहे. कुलूप पिशवीत परत गेलं. भटूने टीसीएल कालवून किती टाकायचं ते बायांना दाखवलं, धनुबाईने एकदा स्वतः करून दाखवलं, आणि टाकी भरायला लावली. निघताना मी तिला म्हणाले, पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी मी येते घासायला. तिने माझ्याकडे बघितलं आणि घासणी उचलून ओट्याला टेकवून ठेवली.

नंतरच्या आठवड्यात भटूने नमुना आणला. दोन दिवस ती बाटली कपाटात होती आणि मी दिवसातून सहा वेळा कपाट उघडत होते, असं करू नये, ऊब जाते. बाटली फिक्या चहाच्या रंगाचीच राहिली. मयूरी घरी आली. लाल अक्षरं तौहिदने जाऊन पुसली. आमच्या गल्लीत दोघंतिघं बोलले, मिस्त्रीच्या टाकीचं ऐकलं म्हणून, आणि अम्मीने त्यांना सरळ तोंडावर सांगितलं की हो, खराब झाली होती, आम्ही साफ केली, तुमच्या कूलरचं बघा. पण घरात ती टाकीबद्दल बोलायची नाही. सवाब हा शब्दही तिच्या तोंडून मी महिनाभर ऐकला नाही.

पहिल्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जुनी सलवार घातली आणि रिक्षाने खदानवस्तीला गेले. ओट्याभोवती जमीन ओली होती. झाकण लावलेलं होतं, ते मुठीला धरून मी उचललं. आत पाणी अर्ध्यावर चढलेलं, खालचा पत्रा स्वच्छ दिसत होता, आणि टीसीएलचा उग्र वास येत होता. ओट्याच्या कडेला अम्मीची घासणी उन्हात उभी करून ठेवली होती. धनुबाई कडेवर नातीला घेऊन आली. पोर अजून किडकिडीत होती, पण रागाने माझ्याकडे बघत होती, म्हणजे बरी होती.

“आम्ही सकायेच धोयी टाकी,” धनुबाई म्हणाली. “तू बठ.”

करायला काही उरलं नव्हतं. मी खोचलेली सलवार सोडली आणि ओट्यावर बसले. मला थोडं वाईट वाटलं, हे खरं आहे. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं. आठ वर्षांत मी तपासल्याशिवाय बाहेरचं पाणी तोंडाला लावलेलं नाही. मी तांब्या संपवला. मग अम्मीला फोन केला, कारण ती वाट बघत असणार हे मला माहीत होतं.

“धोई?” तिने विचारलं.

“नहीं अम्मी. मैं आई तबतक उन्होंनेच धो डाली थी. झाकण भी लगा दिया था. मेरे लिए कुछ कामच नहीं रखा.”

पलीकडे अम्मी नाक ओढत म्हणाली, “तो फिर पोंच गया.”